कारखाने परततील, पण कामगार? : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मागील अंकात या सदरात अमेरिकेने २०२५ मध्ये आयात मालावर वाढवलेल्या शुल्कांविषयी आणि परदेशी गेलेले कारखाने मायदेशी आणण्याच्या तेथील घोषणांविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख शुल्कांपेक्षा कामावर आहे. कारखाना चीनमध्ये असो, बांगलादेशात असो की चाकणला, त्यात माणसे किती उरतील आणि ती कोणत्या अटींवर उरतील, हे वाचकांना जाणून घ्यायचे आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडलेले प्रश्न पुढे दिले आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

मी मिशिगन राज्यात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता आहे. माझे निम्मे सहकारी म्हणतात की येथील नोकऱ्या चीनने नेल्या आणि निम्मे म्हणतात की रोबोटांनी खाल्ल्या. खरे कोणाचे मानावे?
— एक वाचक, डेट्रॉईटजवळून

दोघांचेही खरे आहे, मात्र ते एकाच काळाविषयी नाही आणि एकाच गावाविषयीही नाही. अमेरिकेत कारखान्यांतील नोकऱ्यांचा उच्चांक जून १९७९ मध्ये नोंदवला गेला. त्या वेळी सुमारे १ कोटी ९५ लाख लोक उत्पादन क्षेत्रात काम करत होते. पुढील वीस वर्षे हा आकडा वरखाली होत राहिला आणि २००० साली तो १ कोटी ७० लाखांच्या थोडा वर होता, म्हणजे घसरण होती पण ती संथ होती. त्यानंतरच्या अवघ्या दहा वर्षांत मात्र तो सुमारे १ कोटी १५ लाखांवर आला. यंत्रे सुधारतात ती दरवर्षी थोडी थोडी सुधारतात, त्यामुळे एवढी अचानक पडझड केवळ यंत्रांच्या माथी मारता येत नाही. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला, हे या दशकातील मोठे कारण आहे. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न, गॉर्डन हॅन्सन हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी केलेल्या अभ्यासानुसार १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे अमेरिकेत सर्व क्षेत्रे मिळून २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्या. फर्निचर, कापड, खेळणी अशा एकेका धंद्यावर उभी असलेली दक्षिणेकडील छोटी शहरे त्यात अक्षरशः बसली. तेथील कामगार दुसऱ्या गावी, दुसऱ्या धंद्यात जातील असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगत होती, परंतु त्यांपैकी पुष्कळजण तेथेच राहिले आणि त्यांच्या पदरात कमी पगाराचे काम किंवा सरकारी मदत पडली.

आता दुसऱ्या बाजूकडे पाहू. पोलाद उद्योगात १९६२ ते २००५ या काळात तीन चतुर्थांश नोकऱ्या, म्हणजे सुमारे चार लाख, नाहीशा झाल्या, आणि तरीही २००५ मध्ये कारखान्यांतून बाहेर पडणारे पोलाद १९६० च्या दशकाच्या आरंभी होते जवळपास तेवढेच होते. येथे मुख्य कारण परदेश नव्हता. भंगार वितळवून पोलाद करणाऱ्या लहान विद्युतभट्ट्यांनी जुन्या अजस्र कारखान्यांची जागा घेतली आणि त्यांना माणसे फार कमी लागत. मोटार उद्योगात रोबोटांचा प्रवेश त्याहून जुना आहे. जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीमधील कारखान्यात पहिला औद्योगिक रोबोट १९६१ साली बसला आणि ओतकामातील तापलेले धातूचे भाग उचलण्याचे काम त्याला दिले गेले. डॅरन असेमोग्लू आणि पास्क्वाल रेस्ट्रेपो या अर्थतज्ज्ञांनी १९९० ते २००७ या काळात रोबोटांमुळे गेलेल्या नोकऱ्यांचा अंदाज बांधला, तो काही लाखांच्या घरातला आहे आणि त्यातील मोठा वाटा मिशिगन, ओहायो, इंडियाना या तुमच्याच पट्ट्यातील आहे. म्हणून तुमच्या सहकाऱ्यांनी आपापल्या गावाकडे पाहून काढलेला निष्कर्ष त्या त्या गावापुरता बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे.

एका युक्तिवादापासून मात्र सावध राहावे. ‘उत्पादन तर वाढतच आहे, म्हणजे नोकऱ्या यंत्रांनीच घेतल्या’ असे सांगितले जाते. सुसान हाउसमन या अर्थतज्ज्ञ बाईंनी दाखवून दिले आहे की ही वाढ मुख्यतः संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्स या एकाच शाखेची आहे, आणि तीही बव्हंशी चिपांचा वेग वाढला की तो हिशेबात ‘अधिक उत्पादन’ म्हणून धरला जातो यामुळे. ती शाखा बाजूला काढली तर उरलेल्या कारखानदारीची वाढ अगदीच किरकोळ राहते.

खरे तर ही दोन कारणे एकमेकांच्या हातात हात घालूनच येतात. स्वस्त आयातीपुढे टिकाव धरायचा तर जो कारखाना मागे राहतो तो माणसे कमी करून यंत्रे वाढवतो, आणि जो परदेशी जाऊन काही वर्षांनी परततो तो गेला तेव्हाच्या रूपात परतत नाही. आयफोनची जुळणी करणाऱ्या तैवानच्या फॉक्सकॉन कंपनीने २०१७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात १० अब्ज डॉलर आणि १३,००० नोकऱ्या जाहीर केल्या होत्या. २०२१ मध्ये सुधारलेल्या करारात त्या १,४५४ राहिल्या.

माझे वडील गिरणीत होते. आमच्या घरात अजूनही वाद होतो की १९८२ चा संप झाला नसता तर गिरण्या टिकल्या असत्या, की नव्या यंत्रांनी ते काम तसेही संपवलेच असते?
— एक वाचक, परळ

गिरण्यांच्या बाबतीत परदेश फार लांब नव्हता, तो भिवंडीत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून कापड विणण्याचे काम गिरण्यांकडून यंत्रमागांकडे सरकत होते. यंत्रमागावर बोनस, भविष्यनिर्वाह निधी, युनियन यांपैकी फारसे काही नव्हते, आणि तेथील कित्येक माग तर गिरण्यांनीच मोडीत काढलेले होते. म्हणजे येथे नव्या यंत्राने माणूस हटवला नाही. जुनेच यंत्र स्वस्त माणसाकडे गेले. संपकाळात मालकांनी बाहेरून कापड विणून घेण्याची सवय लावून घेतली आणि संप विरल्यावर ती सोडण्याचे त्यांना काही कारण उरले नाही.

यंत्राचा प्रश्न मुंबईत त्याआधीच येऊन गेला होता. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपाच्या मुळाशी, विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, ही मालकांची योजना होती. दर माणशी किती यंत्रे आणि वाचलेल्या मजुरीतला किती वाटा कामगाराला, हाच तेव्हाचा झगडा होता, आणि शंभर वर्षांनी रोबोटांविषयी जी चर्चा होते तिचा गाभाही हाच आहे.

माझे मत विचाराल तर संपाने गिरण्यांचा शेवट जवळ आणला, तो निर्माण केला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याचा मार्ग खुला केल्यावर तर कापड काढण्यापेक्षा जमीन मोकळी करणे हाच अधिक फायद्याचा धंदा ठरला. घरातला वाद अर्थात या उत्तराने मिटेल अशी अपेक्षा नाही.

आमचे साधे यंत्रमाग आहेत. शेजारी एअरजेट माग आले आहेत. बांगलादेशातील शिलाई कारखान्यांतही लवकरच रोबोट शिवणार असे वाचले. मग विणकाम आणि शिवणकाम दोन्ही माणसांच्या हातून जाणार का?
— एक खर्चीवाले यंत्रमागधारक, इचलकरंजी

विणकाम आणि शिवणकाम यांच्यात फार मोठा फरक आहे, आणि तो समजून घेणे तुमच्या धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. विणताना सूत ताणलेले असते, त्याची दिशा ठरलेली असते, आणि म्हणून यंत्राला ते फार पूर्वीपासून जमले. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये जपानमध्ये तयार केलेला स्वयंचलित माग सूत तुटताच आपोआप थांबत असे, त्यामुळे प्रत्येक मागाशेजारी पहारा देणाऱ्या माणसाची गरज संपली. त्या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने घेतले. विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आणला. म्हणजे तुमच्या गावातील साधा माग आणि जगातील स्वयंचलित माग यांच्यात आरंभी वीसच वर्षांचे अंतर होते. ते पुढे वाढत गेले याचे कारण तंत्र ठाऊक नव्हते हे नव्हे. खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणाऱ्या माणसाला दर ‘पिका’मागे (पिक म्हणजे कापडातील आडवा धागा) जे पैसे सुटतात त्यात नव्या मागाचे भांडवल उभे राहत नव्हते. एअरजेटसारखे बिनधोट्याचे माग आले की केवळ विणकराची संख्या कमी होत नाही, त्या मागाला सूत थेट कोनावरून मिळत असल्याने धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरण्याचे काम पूर्णपणे जाते, आणि ते काम करणाऱ्यांची, त्यातही बायकांची, गणती कोणत्याही प्रकल्प अहवालात केलेली नसते.

शिवणकामाचे तसे नाही. कापड लुळे असते, उचलले की त्याचा आकार बदलतो, सुईखाली ते किंचित सरकते आणि शिवणारीची बोटे ते सतत सावरत असतात. कापड तात्पुरते ताठ करणारे द्रावण लावून रोबोटाकडून टी-शर्ट शिवून घेण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला आहे, पण बाही, कॉलर, खिसा अशा वळणावळणाच्या शिलाईत माणसाच्या हाताला आजही स्वस्त पर्याय नाही. या बाबतीत आदिदास कंपनीचे उदाहरण बोलके आहे. बूट बनवण्याचे काम आशियातून युरोप-अमेरिकेत परत आणायचे म्हणून या कंपनीने जर्मनीतील आन्सबाख आणि अमेरिकेतील अटलांटा येथे मुख्यतः रोबोटांवर चालणारे कारखाने उभारले. मोठा गाजावाजा झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने ते दोन्ही बंद करण्याचे जाहीर केले आणि तेथील तंत्र व्हिएतनाम आणि चीनमधील आपल्या पुरवठादारांकडे नेण्याचे ठरवले. यंत्रांना मोजकेच प्रकार जमत होते आणि पुरवठादारांचे जाळे तर आशियातच होते.

यावरून बांगलादेश निर्धास्त आहे असे मात्र कोणी समजू नये. तेथील धंद्याची सुरुवात १९७९ च्या सुमारास देश गारमेंट्सने १३० जणांना कोरियातील देवू कंपनीकडे शिकायला पाठवले तेव्हापासून मानतात. आज तेथे चाळीस लाखांवर लोक या कामात आहेत. त्यातील स्वेटर कारखान्यांत हाताने चालवायच्या विणयंत्रांची जागा संगणकीय जॅकार्ड यंत्रांनी घेतली आहे आणि एक माणूस अशी अनेक यंत्रे पाहतो. कापणीच्या टेबलावर आणि कापडाचे थर अंथरण्यातही यंत्रे आली आहेत. शिलाईची रांग उभी आहे, पण तिच्या दोन्ही टोकांची माणसे कमी होत आहेत. तुमच्या गावासाठी यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते ती अशी की, एअरजेटशी मीटरच्या भावात स्पर्धा करण्याऐवजी विणलेले कापड शिवून बाहेर पाठवण्याकडे जाता आले, तर एका मागामागे अधिक हातांना काम राहते.

चीनकडे एवढी माणसे असताना त्यांना रोबोट कशाला हवेत?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक

कारण माणसे आता पूर्वीसारखी मिळत नाहीत. १५ ते ५९ या वयोगटातील चिनी लोकसंख्या २०१२ पासून घटू लागली. एकच मूल धोरणात वाढलेली, शाळा पुरी केलेली पिढी रात्रपाळीत स्क्रू पिळायला तयार नाही, आणि किनारपट्टीवरील मजुरी व्हिएतनाम किंवा बांगलादेशच्या कितीतरी पुढे गेली आहे. त्यामुळे चीनपुढे दोनच वाटा होत्या, काम बाहेर जाऊ द्यायचे किंवा यंत्रांवर चढवायचे, आणि चीनने दोन्ही वाटा एकाच वेळी धरल्या. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगभर ५ लाख ४१ हजार औद्योगिक रोबोट बसवले गेले, त्यांपैकी २ लाख ७६ हजार एकट्या चीनमध्ये. त्याच वर्षी दर दहा हजार कामगारांमागे चीनमध्ये ४७० रोबोट होते, म्हणजे जर्मनी (४२९) आणि जपान (४१९) यांच्याही पुढे. दक्षिण कोरिया १,०१२ वर होता. जर्मनीची कुका ही नामांकित रोबोट कंपनीही आता मिडिया या चिनी उद्योगसमूहाच्या मालकीची आहे.

तरीही या आकड्यांना भुलू नये. फॉक्सकॉनचे संस्थापक टेरी गुओ यांनी २०११ मध्ये तीन वर्षांत दहा लाख रोबोट बसवण्याचा मनोदय बोलून दाखवला होता, आणि तो प्रत्यक्षात आला नाही. झेंगझोऊ येथील त्यांच्या कारखान्यात नव्या आयफोनच्या हंगामात दोन लाखांवर माणसे लागत आली आहेत. फोनचे मॉडेल दरवर्षी बदलते आणि एवढ्याशा पेटीत बारीक पट्ट्या, केबली आणि स्क्रू बसवायचे असतात; त्यासाठी रोबोट शिकवून तयार होईपर्यंत पुढचे मॉडेल आलेले असते. माणसाला नवे काम शिकवायला काही दिवस पुरतात, आणि हंगाम संपला की त्याला घरी पाठवता येते, हेही कंपनीच्या हिशेबात असते.

मी आयटीआय फिटर आहे, चाकणला एका मोटार कंपनीत ठेकेदारामार्फत लाइनवर काम करतो. वेल्ड शॉपमध्ये जवळपास सगळे रोबोटच आहेत. माझी पाळी कधी येणार?
— एक वाचक, चाकण

तुम्ही कोणत्या शॉपमध्ये आहात यावर पुष्कळ अवलंबून आहे. वेल्ड शॉप आणि पेंट शॉपमध्ये रोबोट आधी येतात, कारण तेथे पत्रा ताठ असतो, जागा ठरलेली असते, ठिणग्या आणि रंगाचे फवारे माणसाच्या अंगाला घातक असतात, आणि प्रत्येक टाका सारखाच पडणे आवश्यक असते. अशा ठिकाणी माणूस स्वस्त असला तरी कंपनी यंत्रच घेते. भारतात मजुरी कमी असूनही २०२३ मध्ये ८,५१० रोबोट बसले, आणि त्यांचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक मोटार उद्योगच आहे. अखेरच्या जोडणीत, म्हणजे ट्रिम लाइनवर, चित्र वेगळे असते. वायरिंग हार्नेस (तारांचे जुडगे), रबरी पट्ट्या, आतील अस्तर हे सगळे वाकणारे, लोंबणारे भाग असतात आणि एका गाडीमागून दुसरी वेगळ्या प्रकारची गाडी येत असते. टेस्लाने २०१८ मध्ये हेही काम यंत्रांवर टाकून पाहिले. बॅटरीवर फायबरग्लासचा मऊ थर ठेवण्यासाठी लावलेले रोबोट तो थर उचलतानाच अडखळत, उत्पादन रखडले, आणि अति-ऑटोमेशन ही चूक होती अशी कबुली खुद्द इलॉन मस्क यांना जाहीरपणे द्यावी लागली.

तेव्हा रोबोट उद्या तुमच्या जागी येऊन उभा राहील, ही भीती तुमच्यासारख्या जोडणी कामगारासाठी मला दुय्यम वाटते. दोन गोष्टी तिच्याहून जवळ आहेत. पहिली म्हणजे तुमची नोकरी ज्या कागदावर आहे तो कागद. वार्षिक उद्योग पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये संघटित कारखान्यांतील दर दहा कामगारांपैकी चार कंत्राटी होते. मागणी घटली, मॉडेल बंद झाले किंवा एखादे यंत्र बसले, तर आधी ठेकेदाराची माणसे कमी होतात. त्यासाठी कोणाला कपात जाहीर करावी लागत नाही, म्हणून वर्तमानपत्रांतही काही येत नाही. यंत्राने घेतलेल्या नोकऱ्या आपल्याकडे मोजल्या जात नाहीत याचे हे एक मुख्य कारण आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे विजेवर चालणारी वाहने. त्यांत इंजिन नसते, म्हणून पिस्टन, क्रँकशाफ्ट, क्लच, सायलेन्सर यांपैकी काहीच लागत नाही. हे भाग तासून देणारी भोसरी, चाकण परिसरातील लहान वर्कशॉप हीच खरी धोक्याच्या रेषेवर आहेत, आणि त्यांना कोणताही रोबोट नव्हे, तर गाडीचा नवा आराखडाच बंद पाडू शकतो. तुम्ही फिटर असल्यामुळे लाइनवरून मेंटेनन्सकडे जाण्याची वाट तुम्हाला आहे. सेन्सर, पीएलसी (यंत्राच्या हालचाली ठरवणारा संगणकीय नियंत्रक), न्युमॅटिक्स (दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रणा) यांचा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम कंपनीच्या वेळेबाहेर करता आला तर जरूर करावा. त्याने नोकरी कायम होईलच असे मी म्हणणार नाही, कारण मेंटेनन्सचे कामही आजकाल ठेक्याने दिले जाते. लाइन बंद पडते तेव्हा मात्र बोलावणे याच माणसाला येते, आणि पुढच्या कंपनीत मजुरी ठरवताना त्याला थोडे तरी ताणून धरता येते.

रोबोटांवर कर लावला तर?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

बिल गेट्स यांनी २०१७ मध्ये ही सूचना केली होती, आणि त्याच वर्षी युरोपीय संसदेने अशा कराचा प्रस्ताव फेटाळला. मुख्य अडचण रोबोट कशाला म्हणावे येथूनच सुरू होते, कारण वेल्डिंग करणारा हात रोबोट ठरला आणि स्वयंचलित माग किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर ठरले नाही, तर कारखानदार दुसऱ्या प्रकारचे यंत्र घेईल. दक्षिण कोरियाने वेगळा कर न लावता स्वयंचलित यंत्रांवर मिळणारी करसवलत कमी केली. आपल्याकडेही नव्या यंत्रांवर घसाऱ्याची सवलत आणि नव्या माणसावर भविष्यनिर्वाह निधीचा बोजा अशी स्थिती आहे. आधी ती तपासावी, कर नंतर पाहू.

वेदांत-फॉक्सकॉन प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा महाराष्ट्राच्या एक लाख नोकऱ्या गेल्या असे सांगितले गेले. चीनमधून निघणारे कारखाने आपल्याकडे आले तर खरोखर एवढ्या नोकऱ्या मिळतील का?
— एक वाचक, तळेगाव दाभाडे

सप्टेंबर २०२२ मध्ये चिप बनवण्याच्या प्रकल्पाचा १ लाख ५४ हजार कोटींचा तो करार गुजरातशी झाला आणि महाराष्ट्रात मोठे राजकीय वादळ उठले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. एक लाख नोकऱ्या ना इकडे आल्या ना तिकडे, आणि त्यावरून झालेली भाषणे तेवढी उरली. पण प्रकल्प झाला असता तरी तो आकडा मला पटला नसता, आणि याचे कारण चिप उद्योगाच्या स्वरूपात आहे. चिप घडवताना धुळीचा कणही चालत नाही, त्यामुळे माणसाचा वावर जितका कमी तितके बरे. त्याचा हिशेब एका प्रत्यक्ष प्रकल्पावरून करून पाहू. मायक्रॉन कंपनीने जून २०२३ मध्ये गुजरातमधील साणंद येथे चिपांच्या जुळणीचा आणि चाचणीचा प्रकल्प जाहीर केला, आणि जुळणी-चाचणी ही चिप उद्योगातली त्यातल्या त्यात माणसे लागणारी पायरी आहे. जाहीर आकड्यांनुसार त्याचा खर्च सुमारे २२,५०० कोटी रुपये आणि प्रत्यक्ष नोकऱ्या ५,०००. म्हणजे एका नोकरीमागे साडेचार कोटी. त्यातील ५० टक्के केंद्र सरकार आणि २० टक्के गुजरात सरकार देणार असल्याने, सरकारी तिजोरीतून एका नोकरीमागे तीन कोटींहून अधिक रक्कम जाते. चिपांचा कारखाना देशाच्या सुरक्षिततेसाठी, तंत्रज्ञानासाठी हवा असे म्हणणे समजू शकते. तो रोजगारासाठी हवा असे म्हणणे मला समजत नाही.

मोबाइल फोनची जुळणी याच्या अगदी उलट आहे. तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदुरच्या फॉक्सकॉनमध्ये आणि होसूरच्या टाटा इलेक्ट्रॉनिक्समध्ये हजारोंच्या संख्येने कामगार आहेत, त्यांतील बहुसंख्य तरुण मुली आहेत, आणि वर सांगितल्याप्रमाणे हे काम अजून हातांनीच होते. चीनमधून निघालेल्या कामापैकी नोकऱ्यांच्या दृष्टीने मोलाचे काम हेच. त्याची दुसरी बाजू डिसेंबर २०२१ मध्ये दिसली, तेव्हा वसतिगृहातील जेवणातून विषबाधा झाल्यावर श्रीपेरुंबुदुरच्या कामगार मुलींनी महामार्ग रोखला होता आणि कारखाना काही काळ बंद राहिला होता. काम हवे तर त्या कामाभोवतीची घरे, बस, भोजनालय हेही उद्योग धोरणातच धरावे लागते, आणि महाराष्ट्राने तमिळनाडूकडून शिकण्यासारखे काही असेल तर ते कामगार मुलींसाठी मोठी निवासस्थाने बांधण्याच्या त्यांच्या आत्ताच्या प्रयत्नांत आहे. सवलतींच्या बोलीत दोन राज्यांनी एकमेकांवर कुरघोडी करून ते साधत नाही.

देशाचे चित्रही थोडक्यात सांगतो. २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणात २०२२ पर्यंत देशाच्या एकूण उत्पन्नातील (जीडीपी) कारखानदारीचा वाटा २५ टक्क्यांवर नेण्याचे आणि १० कोटी नोकऱ्यांचे उद्दिष्ट होते. तो वाटा १७ टक्क्यांच्या आसपासच राहिला. २०२० पासूनच्या उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजनेत १४ क्षेत्रांसाठी १ लाख ९७ हजार कोटी ठेवले गेले, पण ते प्रामुख्याने विकलेल्या मालाच्या प्रमाणात मिळतात, कामावर ठेवलेल्या माणसांच्या प्रमाणात नव्हे. तळेगावच्या वाचकांना आणखी एक उदाहरण डोळ्यांसमोर आहेच. जनरल मोटर्सने तेथील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबवले आणि तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. जमीन, शेड आणि यंत्रे एका परदेशी कंपनीकडून दुसऱ्या परदेशी कंपनीकडे जाऊ शकतात. कामगाराची सेवाज्येष्ठता तशी सहज जात नाही, आणि करार करताना ती सोबत जावी असा आग्रह धरणे राज्य सरकारला अशक्य नाही.

माझा मुलगा दहावी झाला आहे. कारखान्यांत माणसे कमी होत असतील तर त्याला आयटीआयला घालावे की स्पर्धा परीक्षेकडे वळवावे?
— एक आई, जळगाव

दोन्हींची तुलना केली तर माझा कल आयटीआयकडे आहे, परंतु कोणत्याही आयटीआयकडे नाही. स्पर्धा परीक्षेत काही हजार जागांसाठी लाखो मुले बसतात आणि उमेदीची चार-पाच वर्षे त्यात गेली तर हाती दुसरे कौशल्य उरत नाही. कारखान्यांत सुटी, साधी कामे कमी होत आहेत हे खरे असले तरी यंत्रे लावणारी, जुळवणारी, दुरुस्त करणारी माणसे कमी पडत आहेत. इलेक्ट्रिशियन, फिटर, मेकॅनिक मेकॅट्रॉनिक्स हे ट्रेड मी आधी पाहीन, कारण त्यांतला कारागीर एकाच यंत्राला बांधलेला नसतो. कारखान्यात नाही जमले तर सौर पंप, लिफ्ट, शीतगृह यांतही त्याला काम मिळते. केवळ सीएनसी (संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या) यंत्राची बटणे दाबायला शिकवणाऱ्या वर्गापेक्षा सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग शिकवणारा वर्ग निवडावा.

प्रवेश घेण्याआधी एक दिवस काढून संस्थेत स्वतः जाऊन या. कार्यशाळेतील यंत्रे चालू आहेत का आणि मुलांचे हात त्यांना लागतात का, की ती झाकून ठेवली आहेत, ते पाहा. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, त्यामुळे संस्थेचे कोणत्या कारखान्यांशी असे नाते आहे ते विचारा. आणि शेवटी मागच्या तुकडीतील दोन-तीन मुलांचे फोन नंबर मागून घ्या. ती कुठे लागली एवढेच विचारू नका. पगार कंपनीच्या खात्यातून येतो की ठेकेदाराच्या, आणि वर्ष संपल्यावर त्यांना पुन्हा ‘ब्रेक’ देऊन नव्याने घेतात का, हेही विचारून घ्या.